फोनमधली पाळत: सुरुवात कुठून करायची?
एकदम सगळं बंद करायला जाऊ नका, आठवड्यात कंटाळाल. मीही तेच केलं होतं.

आधी एवढंच करा:

- सेटिंगमध्ये परमिशन मॅनेजर (कोणत्या ॲपला कसली परवानगी दिलीय त्याची यादी) उघडा. लोकेशन, माइक, काँटॅक्ट कुणाकुणाला दिलेत ते बघा. माझ्या टॉर्चच्या ॲपला काँटॅक्ट हवे होते! नकाशाला लोकेशन 'ॲप वापरताना' एवढंच पुरे.
- अँड्रॉइड असेल तर जाहिरातींचा आयडी (ज्यावरून जाहिरातवाले आपला फोन ओळखतात तो कोड) डिलीट करा.

दुकानात बिलासाठी नंबर मागितला तर सरळ 'नको' म्हणा. ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय, नंबरसाठी अडून बसू नका म्हणून. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं, मागची रांग आपल्याकडेच बघत असते.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटोवर, म्हणजे खासगी मोडवर, मात्र भिस्त ठेवू नका. त्याने फक्त आपल्या फोनवर हिस्टरी राहत नाही.