टेन्बीत एकच दिवस आहे, तर सेंट मेरी चर्च बघावं का?

वेल्समधल्या टेन्बीत एकच दिवस मिळणार, मग तो सगळा समुद्रावर घालवावा की चर्चलाही थोडा वेळ द्यावा, असं तुम्ही विचारलंय. तासभर द्याच. फक्त आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा. ओहोटीला वाळूतून चालत सेंट कॅथरिन बेटापर्यंत जाता येतं, ती वेळ चर्चमध्ये घालवू नका. भरतीला जा.

चर्च तटबंदीच्या आत, भर बाजारात आहे. बांधकाम बरंचसं तेराव्या ते पंधराव्या शतकातलं. आत गेल्यावर वेदीवरचं लाकडी छत मान वर करून बघा, त्यावर पानंफुलं आणि चेहरे कोरलेत. पण माझ्या मते खरी गंमत भिंतींजवळ आहे.

एक स्मृतिशिला शोधा, रॉबर्ट रेकॉर्डची. पहिलीपासून आपण वहीत जे = चिन्ह काढतो, ते या टेन्बीच्या माणसानं १५५७ साली छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात पहिल्यांदा वापरलं. दोन समांतर रेषांइतकं एकसारखं दुसरं काहीच नसतं, असं त्याचं म्हणणं. पेशानं वैद्य, पण पुढच्याच वर्षी लंडनच्या तुरुंगात वारला. शिलेवर त्या चिन्हाचा उल्लेख आहे. गणिताचे शिक्षक असाल तर इथेच रेंगाळाल.

मग थॉमस व्हाइटची कबर बघा. हा इथला व्यापारी आणि नगराध्यक्ष. १४७१ मध्ये चौदा वर्षांचा हेन्री ट्यूडर आणि त्याचा काका जॅस्पर जीव वाचवायला पळत होते, तेव्हा व्हाइटनं त्यांना लपवलं आणि जहाजानं निसटायला मदत केली. ते ब्रिटनीला, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या वायव्य भागात पोचले. तोच पोरगा १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. त्यांना ज्या तळघरात लपवलं म्हणतात, त्याच्यावर आता औषधांचं दुकान आहे!

कुजत चाललेल्या प्रेताचं शिल्प असलेलीही एक कबर आहे. लहान मुलं सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा नुसतं बघायला जाणं बरं दिसत नाही. एरवी प्रवेशाला पैसे पडत नाहीत, दानपेटीत काहीतरी टाका. आणि दिवस उरलाच तर त्याच रेल्वेमार्गावर पुढे पेम्ब्रोक आहे. हेन्री तिथल्या किल्ल्यात जन्मला.