माया, दीड इंच

चि. हिला अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. मोबाइलवर एवढं मोठं टाइप करायला माझी बोटं चालत नाहीत, म्हणून वहीत लिहिते आहे. नातू फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

"काकू, सगळी माया आहे, मला यातून बाहेर पडायचंय," असं लिहिलंस. पहाटे चारला उठून ध्यानाला बसतेस, चांगलं आहे. नोकरी सोडायची की नाही ते तू बघ, तुमच्या त्या कंपन्यांतलं मला काही कळत नाही. पण 'मोह कमी करतेय म्हणून आईला फोन करणं थांबवलंय' हे वाक्य सुईसारखं टोचलं.

माया हा शब्द तुला प्रवचनातून मिळाला असेल. मला तो कात्रीबरोबर मिळाला. माया म्हणजे भ्रम, माया म्हणजे जीव लावणं, माया म्हणजे गाठीला बांधलेला पैसा, आणि आम्हा शिंप्यांकडे माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. हे चारही अर्थ एका शब्दात कोंबणारे आपले पूर्वज अडाणी नव्हते, एवढं धरून चाल.

नवी होते तेव्हा मला फिटिंगची फार घमेंड होती. बाजूची शिवण जाड दिसू नये म्हणून माया जेमतेम पाव इंच ठेवायची. ब्लाऊज उलटा केला तरी सुबक दिसायचा. एका नवरीचे पाच ब्लाऊज तसे शिवले. दीड वर्षाने ती तान्ह्या बाळाला घेऊन आली, "जरा सैल करून द्या." उसवून बघते तर सोडायला काहीच नाही. त्यातला एक शालूच्याच कापडाचा, तसं कापड दुसरीकडे मिळणारं नव्हतं. ती एक शब्द बोलली नाही. पिशवीत घालून घेऊन गेली. तुझं हे वैराग्य वाचताना मला तो पाव इंच आठवला.

आता मापाचं. टेप कंबरेला लावला की जवळजवळ प्रत्येक बाई पोट आत घेते. खोटेपणा नसतो गं, तिला कळतच नाही. तो आकडा लिहिला तर ब्लाऊज घरी गेल्यावर काचणारच. मग मी टेप तसाच धरून काहीतरी विचारायची. भाजी काय केलीस, धाकटा कितवीत गेला. बोलता बोलता श्वास सुटतो, पोट जागेवर येतं, तेवढ्यात आकडा वाचायचा.

आसनावर ताठ बसलेली तू म्हणजे पोट आत घेतलेली तू. खरं माप हवं असेल तर रिक्षावाला वीस रुपये जास्त मागतो तेव्हा बघ. तुझ्याबरोबरच्या मुलीला बढती मिळते आणि तू हसून अभिनंदन करतेस, तेव्हा छातीत काय होतं ते बघ. लगेच सुधारायला जाऊ नकोस, लाजूही नकोस. नुसता आकडा वाच. सकाळच्या ध्यानाचा उपयोग झालाच तर तो त्या क्षणी टेप हातात असण्यापुरता, असं माझं मत. तुझ्या गुरुजींना पटणार नाही कदाचित.

क्लासला यायचीस तेव्हा खाली दोऱ्याचा गुंता झाला की तू लगेच बॉबिन उपसायचीस. गुंता खाली दिसला तरी बहुतेक वेळा दोष वर असतो, वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा सैल पडलेला असतो. आणि तो फार घट्ट केला की खालचा दोरा वर ओढून येतो. गाठ दोन थरांच्या मध्ये बसली की टीप सरळ. सध्या तुझा गुंता ऑफिसात आणि आईत दिसतो आहे, एवढंच म्हणते.

नामदेव महाराज आमच्यातलेच, शिंपी. मनाचा गज, म्हणजे मापाची काठी, केला आणि जिभेची कात्री, असं त्यांनी म्हटलंय. ते पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे, त्यांची 61 पदं तिथं आहेत. घर कसं होतं त्यांचं? आई गोणाई, बायको राजाई, चार मुलगे, शिवाय जनाबाई. राजाई घरातल्या ओढगस्तीवरून बोल लावायची, तेही अभंगांत आलंय. आणि तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुला ठाऊकच आहे. मडकी तपासायच्या थापटण्याने त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. मडकं कच्चं ठरलं! प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा माणूस. रागारागाने पंढरपूरला गेले तर विठ्ठलही तेच म्हणाला, आणि त्याने त्यांना विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथाला पाठवलं. मला या गोष्टीतलं त्यांचं चिडणं फार आवडतं. त्या घटकेला श्वास सुटला होता.

एक माझंही सांगते. हे आजारात वाळत गेले तसा मी त्यांचा एक निळा शर्ट आत घेत गेले. कापलं मात्र नाही, पुन्हा अंगाने भरतील म्हणून. ते गेल्यावर मी रडले नाही. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे, आणि खोटं कशाला बोलू, ते मला गोड लागलं. वाटलं, आपल्याला कळलंय सगळं. वर्षभराने शर्ट पुतण्याला द्यावा म्हणून उसवायला घेतला. एकीच्या आत एक, तीन शिवणी. बाहेरचा रंग धुऊन धुऊन राखेसारखा झालेला, आणि आत मायेत पहिल्या दिवसाचा निळा. मशीनवर डोकं टेकून किती वेळ रडले कोण जाणे. शर्ट काही दिला नाही.

येशील तेव्हा तुझा तो जांभळा ड्रेस आण, मुंढ्यात काचतो म्हणाली होतीस. टाकून देऊ नकोस, आत दीड इंच ठेवलंय मी. आणि आईला फोन कर. तिचं ब्लाऊजचं कापड तीन आठवडे माझ्याकडे पडून आहे, माप द्यायला येत नाहीये. का, ते मी विचारलं नाही. तू विचार.

तुझी,
शिवणक्लासच्या काकू