सिंगापूर की टोकियो: प्रश्न शहराचा नाही, क्योटोचा आहे

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, येत्या मे महिन्यात पती, नववीतली मुलगी आणि सत्तर वर्षांच्या सासूबाई यांच्यासह सिंगापूरला पाच रात्री जावे की टोकियो-क्योटोला सात रात्री. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सिंगापूरचा खर्च 4 लाख 10 हजार आणि जपानचा 6 लाख 20 हजार रुपये आहे. मार्चमध्ये साडेचार लाखांची मुदत ठेव पूर्ण होते. त्याशिवाय सहलीसाठी दरमहा बारा हजार बाजूला पडतात, आणि जपानसाठी कमी पडणारी रक्कम मुलीच्या शिक्षणासाठी चालू असलेल्या एसआयपीतून काढण्याचा विचार आहे. ‘येन सध्या स्वस्त आहे आणि दरडोई दर रात्रीचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो’ हा त्यांचा युक्तिवाद आहे.

आपण अंदाजपत्रके सविस्तर पाठवलीत, त्यामुळे त्यांतल्या दोन चुका सापडल्या. हिशेबासाठी एक सिंगापूर डॉलर 70 रुपयांना आणि शंभर येन 60 रुपयांना धरू. सिंगापूरच्या हॉटेलची खोली आपण 220 डॉलरला धरली आहे, परंतु त्या दरापुढे छापलेल्या अधिकच्या दोन चिन्हांकडे (++) आपले लक्ष गेलेले दिसत नाही. त्यांचा अर्थ असा की या रकमेवर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे खोली जवळजवळ 264 डॉलरला पडते. दोन खोल्या आणि पाच रात्री यांचा फरक तीस हजारांवर जातो आणि सिंगापूर 4 लाख 40 हजारांवर पोहोचते.

जपानच्या बाबतीत चूक उलट दिशेने झाली आहे. आपण चौघांसाठी सात दिवसांचे जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेने हवा तितका प्रवास करू देणारे पर्यटकांचे पास, धरले आहेत. ऑक्टोबर 2023 पर्यंत हा पास 29,650 येनला मिळत असे आणि तेव्हा तो बहुतेक प्रवाशांना परवडत होता. जुन्या व्हिडिओंमध्ये अजूनही तोच सल्ला ऐकू येतो. त्या महिन्यापासून त्याची किंमत 50,000 येन झाली, म्हणजे चौघांचे 1 लाख 20 हजार रुपये. टोकियो ते क्योटो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचे जाऊन-येऊन तिकीट माणशी साधारण 28,000 येनला मिळते, म्हणजे चौघांचे सुमारे 67 हजार. पास वगळला की जपानचा खर्च 5 लाख 67 हजारांवर उतरतो.

आता आपलाच निकष लावला तर दरडोई दर रात्रीला सिंगापूर बावीस हजारांना आणि जपान वीस हजारांना पडते. तरीही या निकषावर निर्णय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सात रात्री घेतल्या म्हणून दर उतरला तरी तिजोरीतून निघणारी रक्कम वाढतेच, आणि ठेवीपेक्षा जास्तीचे 1 लाख 17 हजार आपल्याला कुठून तरी आणावे लागतात. मुलीच्या प्रवेशाला जेमतेम तीन वर्षे उरली असताना ते तिच्या निधीतून आणू नयेत. विनाव्याज हप्त्यांची योजनाही नको. तिच्यात प्रक्रिया शुल्क लागते आणि रोख भरणाऱ्याला मिळणारी सवलत बहुधा हातची जाते.

येनविषयी थोडे. जुलै 2024 मध्ये एका अमेरिकी डॉलरला 161 येन मोजावे लागत होते आणि 1986 नंतर येन इतका कधीच घसरला नव्हता, हे खरे आहे. परंतु विमानाची तिकिटे आपण रुपयांत घेणार, आणि डॉलरपुढे रुपयाही घसरलेलाच आहे. निम्मा खर्च येनमध्ये होईल असे मानले आणि येन आणखी पाच टक्के उतरला, तरी वाचणार पंधरा हजारांच्या आसपास. तेवढ्यासाठी शहर निवडायचे नसते.

मग क्योटो वगळून टोकियोच्याच पाच रात्री धरल्या तर? रेल्वेचे 67 हजार आणि दोन रात्रींच्या खोल्या-जेवणाचे आपणच धरलेले 60 हजार वजा केले की हा खर्चही 4 लाख 40 हजारांवर येतो. दोन्ही शहरे एका रकमेत बसतात. आपल्या पत्रातला बहुतेक मजकूर टोकियोविषयीच असल्याने मी टोकियोच्या बाजूने कौल देईन. मंदिरे आणि जुने जपान पाहायचेच असेल तर कामाकुराचा महाबुद्ध टोकियोहून साध्या लोकल गाडीने तासाभरावर आहे. अट एवढीच की 29 एप्रिल ते 5 मे हा तिथला सलग सुट्ट्यांचा गोल्डन वीक टाळून 10 मेनंतर निघावे. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात.

सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, हा मुद्दा मात्र खर्चाच्याही दृष्टीने पाहावा. जपानी भाज्यांच्या सारातदेखील बहुधा माशाचा अर्क असतो, त्यामुळे भारतीय उपाहारगृहांवर भिस्त ठेवावी लागेल आणि ती स्वस्त नसतात. सिंगापूरच्या लिटल इंडियात ही अडचण अजिबात येत नाही. त्यांना स्थानकांतली लांब पायपीट झेपणार नसेल, तर माझा कौल बिनशर्त सिंगापूरला.

आतापासून मेपर्यंतचे दरमहा बारा हजार सुमारे अठ्ठेचाळीस हजार होतील. ते अडीअडचणीसाठी आणि सासूबाईंच्या आधीच्या आजारांचा समावेश असलेल्या प्रवास विम्यासाठी ठेवावेत. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर 3.5 टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी धरून 4.13 टक्के जातात, म्हणून परकीय चलन आधीच भरून ठेवलेले फॉरेक्स कार्ड घ्यावे, आणि दुकानातल्या यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का असे विचारले तर स्थानिक चलनच निवडावे. पॅकेज घेतल्यास टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा कर, कापला जाईल. तो खर्च नसून पुढे देय करातून वजा होणारा आगाऊ कर आहे, त्यामुळे नोंदणी सासूबाईंच्या नव्हे तर पतींच्या पॅनवर करावी. ऑक्टोबर 2024 पासून तो पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करून घेता येतो. पती बँकेत आहेत म्हणून सांगतो: परदेश प्रवासाला एलटीसीची, म्हणजे नोकरीत मिळणाऱ्या रजा प्रवास भत्त्याची, करसवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये एका बँकेच्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे, त्यामुळे ती रक्कम हिशेबात धरू नये.