पिल्लाच्या दातावर अर्धा तास

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी हसू आवरले नाही, कारण तुझ्या वयाचा असताना हीच तक्रार मीही, बहुधा याहून कडवट शब्दांत, केली होती. तू लिहितोस की, नव्या नोकरीनंतर ओळख झालेल्या सहा-सात जणांच्या बैठकीला तू गेले पाच रविवार जातो आहेस आणि दर वेळी रिकाम्या हाताने परतल्यासारखे वाटते. कोणाचा नळ गळतो, कोणाच्या घरी भांडी कोणी घासायची यावरून कुरबूर चालते, एकीने स्वेटरची बाही विणून पुन्हा उसवलेली असते, आणि गेल्या रविवारी तर एका गृहस्थांनी आपल्या पिल्लाचा पडलेला दात काडेपेटीत घालून आणला व त्यावर अर्धा तास बोलणे झाले. तो अर्धा तास वाया गेला असे तुझे म्हणणे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे आणि ते त्या दातापासूनच सुरू करतो.

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास कायमचे ४२ दात आलेले असतात. पडलेले बहुतेक दात पिल्लू खाता-खेळताना गिळून टाकते, त्यामुळे वर्षानुवर्षे कुत्री पाळणाऱ्या पुष्कळ माणसांनीही असा दात कधी पाहिलेला नसतो. पुढचा दात असेल तर तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. असा दात फरशीवर सापडायचा तर माणूस फरशीवर बसलेला असावा लागतो, आणि बसून त्या पिल्लाकडे पाहत असावा लागतो. त्या गृहस्थांनी तो उचलला, केरात न टाकता काडेपेटीत ठेवला आणि जमलेल्यांपैकी कोणी तरी थट्टा करील हे कळत असूनही खिशात घालून आणला. एवढे सगळे त्या काडेपेटीत होते. ती तुझ्या हातात आली तेव्हा तू काय म्हणालास, हे पत्रात नाही. माझा तर्क असा की, तू पाहिल्यासारखे केलेस आणि पुढे दिलीस.

कुत्र्यांच्या दातांवर तासन्‌तास बोलणारी माणसे तुझ्या त्या बैठकीबाहेरही आहेत, हे जाता जाता सांगतो. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एका दफनात दोन माणसांच्या सांगाड्यांसोबत एका कुत्र्याचे अवशेष मिळाले. ते दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. पुढे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संशोधकांनी त्याच्या दातांवरील खुणा तपासल्या आणि निष्कर्ष काढला की ते सुमारे सात महिन्यांचे पिल्लू होते, त्याला बहुधा डिस्टेंपर हा गंभीर आजार झाला होता, आणि कोणी तरी त्याची शुश्रूषा केल्यावाचून ते त्या आजारात इतके आठवडे तगले नसते. आजारी पिल्लू त्या काळच्या माणसांच्या काडीच्याही उपयोगाचे नव्हते, तरी कोणी तरी त्याला पाणी पाजत, ऊब देत राहिले. ही हकीकत दातांनी सांगितली. काडेपेटीतला दातही असेच काही तरी सांगत होता, एवढेच माझे म्हणणे.

मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात अशा बोलण्याविषयी लिहिले होते. हवापाणी, तब्येतपाणी, 'काय, कसं काय' अशा बोलण्यातून विचार पोहोचवायचा नसतो, माणसे शब्दांच्या देवाणघेवाणीने केवळ परस्परांशी बांधली जात असतात, असे त्यांचे निरीक्षण होते. ते खरे आहे. तथापि मला ते अर्धेच खरे वाटत आले आहे. रविवारच्या गप्पांत पुष्कळ माहिती असते. ती सरळ दारातून येत नाही, मागच्या दाराने येते. माणूस 'मी थकलो आहे' असे म्हणत नाही. 'आमचा कुत्रा हल्ली झोपू देत नाही' असे म्हणतो.

हे मी फार उशिरा शिकलो, आणि ज्या प्रसंगाने शिकलो तो सांगण्यात मला आजही संकोच वाटतो. आमच्या कंपूत एक शांत स्वभावाचा मित्र होता आणि त्याच्याकडे तेरा-चौदा वर्षांचा कुत्रा होता. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "आमचा म्हातारा हल्ली दार उघडायची वाट बघतो ती बिजागरीच्या बाजूला उभा राहून." आम्ही सगळे हसलो. मी तर त्यावर एक कोटी केली, तिलाही हशा मिळाला, आणि मग लगेच माझ्या लहानपणच्या कुत्र्याची एक गंमत सांगून मी विषय स्वतःकडे ओढून घेतला. पुढच्या काही रविवारी हा मित्र बैठकीत जांभया देत बसे आणि त्यावरूनही आम्ही त्याला चिडवत असू. दोनेक महिन्यांनी कळले की कुत्र्याला वार्धक्याने स्मृतिभ्रंश झाला होता. दाराच्या चुकीच्या बाजूला उभे राहणे, कोपऱ्यात जाऊन अडकणे, दिवसा झोपून रात्री घरभर येरझाऱ्या घालणे ही त्याची ठरलेली लक्षणे असतात. माझा मित्र इतके दिवस रात्री दोन-तीन वेळा उठून, त्याला कोपऱ्यातून बाहेर काढून, त्याच्या शेजारी जमिनीवर पडून राहत होता. बिजागरीचे ते वाक्य म्हणजे त्याने आमच्यापुढे ठेवलेली पहिली खूण होती. 'कधीपासून?' हा एक शब्द किंवा 'रात्री उठतं कोण?' हे तीन शब्द आमच्यापैकी कोणीही उच्चारले असते तर बाकीचे त्याने आपणहून सांगितले असते. कोटी मात्र मला तत्काळ सुचली होती.

तेव्हा तुला करावयाची माझी मुख्य सूचना ही की, कोणी काही सांगितले की त्यावर आपले काही सांगण्याआधी त्याच धाग्याचा एक पुढचा प्रश्न विचारावा. एकच पुरे. नवा प्रश्न नव्हे, चौकशीची सरबत्ती तर नव्हेच. आत्ता जे कानावर पडले त्यातूनच निघणारा प्रश्न. 'नळ गळतो' म्हटल्यावर 'माझ्याकडेही गळायचा' हे उत्तर सुचते, कारण ते आयते असते. 'मग रात्रभर आवाज ऐकू येतो का?' हा प्रश्न सुचण्यासाठी त्या घरात घटकाभर मनाने जावे लागते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, संभाषणात असे पाठपुराव्याचे प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात. आवडून घेण्यासाठी प्रश्न विचारू लागलास तर लोकांना ते दोन मिनिटांत कळेल, हे वेगळे. पण प्रश्न खरा असला तर त्याचा परिणाम तुलाच दिसेल.

सल्ल्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कोणी अडचण सांगितली की तू ती सोडवायला बसतोस, आणि ती सुटली की तुला वाटते संभाषण संपले. पिल्लू टेबलाचा पाय कुरतडते असे सांगणाऱ्याला, दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणून ते कुरतडते आणि त्याला चावायला दुसरे काही द्यावे, हे बहुतेक वेळा आधीच माहीत असते. त्याला त्या टेबलाच्या पायाची अवस्था वर्णन करायची असते, तेवढी करू द्यावी. याला अपवाद एकच, आणि तो पाठ करून ठेव: कुत्र्याने चॉकलेट, द्राक्षे, मनुके किंवा झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असलेले च्युइंगम खाल्ल्याचे कोणी हसत हसत सांगू लागला, तर तिथे शिष्टाचार बाजूला ठेवून त्याला मध्येच थांबवावे आणि लगेच पशुवैद्यांना फोन करायला लावावे. या वस्तू कुत्र्यांना विषासारख्या बाधू शकतात, आणि तशा वेळी गोष्ट पूर्ण ऐकून घेण्यात शहाणपण नाही.

आता त्या स्वेटरविषयी. तू लिहितोस, "तयार स्वेटर मिळत असताना तीन महिने एका बाहीवर घालवण्यात काय अर्थ आहे, असे मी विचारले आणि ती गप्प झाली." गप्प होणारच. छंदाविषयी विचारू नये असा एकच प्रश्न आहे आणि नेमका तोच तू विचारलास. ज्याचा हिशेब द्यावा लागत नाही म्हणून माणूस त्याच्याकडे वळतो, त्याचाच तू हिशेब मागितलास. मला विणकामातले फारसे कळत नाही, पण एका विणणाऱ्या बाईंजवळ बसून मी एकदा उसवणे पाहिले आहे. त्यांनी बाही सुईवरून काढली, लोकरीचे टोक धरून ओढले, आणि ओळीमागून ओळ बारीक खरखर करीत सुटत गेली. सुटलेली लोकर सरळ न राहता कुरळीच राहिली, जणू टाके तिला अजून आठवत होते. पाच-सहा ओळी खाली एक टाका निसटला होता, तो मला दाखवूनही दिसला नाही. त्यांना मात्र तो बोटांनी आधी कळला होता आणि डोळ्यांनी नंतर. तेव्हा पुढच्या वेळी 'कशासाठी?' ऐवजी 'चूक कुठल्या ओळीत होती?' असे विचार. छंदाचे सगळे बोलणे चुकीपाशी खुलते. पूर्ण झालेली वस्तू पाहून लोक 'छान' म्हणतात आणि तिथेच ते संपते. बिघडलेल्या वस्तूविषयी तिचा कर्ता तासभर बोलू शकतो. तुझ्याकडचेही काही अर्धवट असेल तर ते घेऊन जा. तू पूर्वी लाकडाची लहान चित्रे कोरीत असस, त्यांतले एखादे तडकलेले, पटाशी घसरलेले चित्र बैठकीत काढून बघ.

घरच्या गोष्टींबाबत थोडे सावध राहावे लागते, आणि ते थोडक्यात सांगतो. भांडी कोणी घासायची या कुरबुरीवर हसावे, पण बाजू घेऊ नये. आज तू ज्याची बाजू घेशील तो उद्या घरी समेट करील आणि तुझे वाक्य तेवढे मागे उरेल. रविवारी ऐकलेले सोमवारी कचेरीत बोलू नये. तुझे हे मित्र कचेरीमुळेच ओळखीचे झाले आहेत म्हणून हे मुद्दाम लिहितो.

'सगळे एकदम बोलतात, मला शिरायला फटच मिळत नाही,' या तुझ्या अडचणीत मात्र तुझा दोष फारसा नाही. रॉबिन डनबर या मानसशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, मोकळ्या गप्पांत एका संभाषणात साधारण चारच माणसे टिकतात. त्याहून अधिक जमली की बोलण्याचे आपोआप दोन तुकडे पडतात. तुम्ही सात जण आहात, म्हणजे तिथे दोन बैठका चालू असतात आणि तू बहुधा दोन्हींच्या मधल्या खुर्चीवर बसून दोन्ही ऐकू पाहतोस. खुर्ची उचल आणि एका टोकाला जाऊन बस. काडेपेटीवाल्यांच्या शेजारी जागा असेल तर उत्तमच.

शेवटचा मुद्दा वेळेचा. पाच रविवारांत मैत्री झाली नाही म्हणून तू निराश झाला आहेस. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंदाज दिला आहे की, ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, खरा मित्र व्हायला सुमारे ९० तास, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. घड्याळ लावून मैत्री होत नाही हे मलाही कळते, आणि हे आकडे अमेरिकेतील लोकांना विचारून काढलेले आहेत. पण तुझ्यासारख्या हिशेबी माणसाला आकड्याने धीर येतो म्हणून देतो. तीन तासांची एक बैठक धरली तर तुझे आजवर १५ तास झाले आहेत. पहिल्या टप्प्यालाच अजून बारा रविवार आहेत.

पत्र लांबले. एक काम मात्र येत्या रविवारी कर. तुझ्या वर्णनावरून पिल्लू चार महिन्यांचे असावे आणि पडलेला दात पुढचा असावा. म्हणजे त्याचे दुधाचे सुळे अजून पडायचे आहेत. ते साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात पडतात. कधी कधी दुधाचा सुळा पडतच नाही आणि नवा त्याला खेटून उगवतो. तसे झाले तर पशुवैद्यांना दाखवावे लागते. सुळे हलू लागले का, एवढे त्या गृहस्थांना विचार, आणि ते काय म्हणाले ते मला सविस्तर लिही.

तुझा शुभचिंतक