हॉस्टेलवर राहून शिकताना जिमऐवजी जवळच्या व्यायामशाळेत जावं का?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, माटुंग्याला हॉस्टेलवर राहता, वर्षभरात सात-आठ किलो वजन वाढलंय, जिमची फी झेपत नाही आणि जवळच्या व्यायामशाळेत डोकावलं तर सगळी शाळकरी पोरंच दिसली, म्हणून बाहेरूनच परत आलात.

परत जा. मी एमएस्सीची दोन वर्षं त्याच भागात काढली आणि माझी पाठ, माझी झोप आणि बहुधा माझी डिग्रीसुद्धा अशाच एका व्यायामशाळेने वाचवली.

त्याआधी मी एका जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले होते. पंधरा दिवसही धड गेले नाही. प्रॅक्टिकल लांबलं, मग जर्नल पूर्ण करायचं होतं, मग ताप आला. मी येत नाही हे तिथे कुणाच्या लक्षातही आलं नाही. व्यायामशाळेत दुसऱ्याच आठवड्यात एक दिवस दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी दारातच शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं, "काल कुठे होतीस गं?" रागावून नाही, काळजीनं. घर सोडून मुंबईत आल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर मी चुकवलेले दिवस बोटांवर मोजता येतील. मशीन कुठली, डाएट कुठलं हे सगळं नंतरचं. तुम्ही आला नाहीत तर ज्यांना चुकल्यासारखं वाटेल अशी माणसं जिथे आहेत, ती जागा आधी शोधा.

मी दोरीचा मल्लखांब शिकले. वरून सोडलेला सुती दोर, त्याला कुठेही गाठ नाही, आणि सगळा भार पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायचा. पूर्वी हे वेतावर करायचे. तसा चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा दोर आला. पहिला महिना मी जमिनीपासून दोन हात वर जेमतेम टिकायचे. अंगठ्याची पकड मला शिकवली ती चौथीतल्या एका मुलीनं. माझा पाय हातात घेऊन तिनं दोर बोटांत बसवून दिला आणि म्हणाली, "आता सोडायचा नाही हां." म्हणून सांगते, लहान मुलांना बघून मागे फिरू नका. कुणाचं किती चुकतंय याकडे मुलं बघत नाहीत. तुम्हाला जमलं की मात्र टाळ्या वाजवतात. मोठ्यांची वेळ वेगळी असते का, हे आत जाऊन विचारा, फाटकातून अंदाज बांधू नका.

आणि तुम्ही राहता तो परिसर या बाबतीत फार श्रीमंत आहे. शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून सुरू आहे. तिथे आयुष्यभर मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा 2019 मध्ये याच शिवाजी पार्कवर झाली. शेजारीच महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. हे सगळं हॉस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर असताना बंद खोलीत ट्रेडमिलवर पळायला पैसे मोजायचे, हे मला खरंच पटत नाही.

मल्लखांब नको असेल तर जोर-बैठका, सूर्यनमस्कार, कबड्डी, खो-खो, जे चालत असेल ते धरा. एक मात्र लक्षात ठेवा: दोरीनं किंवा जोर-बैठकांनी ताकद येते, पण दम वाढायला चालणं-पळणं लागतंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चाललात की 150 मिनिटं भरली, आणि ती चाल व्यायामशाळेत जाता-येताच होऊन जाते.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वजन बहुतेक तिथूनच वाढलंय. मेसचं जेवण सोडू नका, ते सोडलं की रात्री अकराला वडापाव होतो. वरण वाटीभर जास्त मागून घ्या, खोलीत भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवा, खात असाल तर उकडलेली अंडी.

परीक्षेच्या काळात काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. बंद करू नका, निम्मं करा. मी पहिल्या सेमिस्टरला तीन आठवडे पूर्ण सुट्टी घेतली आणि परत सुरू करायला दीड महिना गेला. पुढच्या वेळी रोज फक्त वीस मिनिटं गेले, दोनदा दोर चढून उतरले, घामाघूम होऊन परत येऊन वाचायला बसले. त्या परीक्षेत मला जागरणं करावी लागली नाहीत.

पहिल्या दिवशी जाताना नखं कापलेली असू द्यात, अंगठी-घड्याळ-साखळी हॉस्टेलवरच ठेवा आणि संध्याकाळी लवकर खाऊन किमान दोन तास होऊ द्या. गुडघ्याचं, पाठीचं किंवा दम्याचं काही जुनं दुखणं असेल तर शिकवणाऱ्यांना आधीच सांगा. दोर धरलात तर अंगठ्याच्या बेचक्यातली साल निघेल, दोन-तीन दिवस चप्पल घालतानाही झोंबेल. रात्री खोबरेल तेल लावा. ती जागा महिन्याभरात घट्ट होते.