संकेतस्थळाचं पान कोणत्या टेबलाचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत कनिष्ठ लिपिक आहे. कॉम्प्युटर येतो म्हणून ‘वेबसाइट तुम्हीच बघा’ असं मला तोंडी सांगण्यात आलं. आता प्रत्येक विभाग व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा फोटो टाकतो आणि लगेच लावा म्हणतो. अलीकडे एका सूचनेत हरकतींची शेवटची तारीख चुकली. मूळ कागदावरच ती तशी होती, पण लोक भांडायला आले माझ्याकडे आणि साहेबही मलाच बोलले. संकेतस्थळावरच्या मजकुराला जबाबदार कोण? मी काय करू?
— एक वाचक (नाव छापू नये, ही विनंती)

उत्तर : ज्या विभागाच्या कामाचा मजकूर, तोच विभाग त्याला जबाबदार. हे तुमच्या कार्यालयात सगळ्यांना कळतं, पण कुठे लिहिलेलं नाही, आणि तुमचा त्रास तिथूनच सुरू होतो. तोंडी सांगितलेलं काम वाढत जातं. निस्तरायची वेळ आली की ते कुणीच सांगितलेलं नसतं.

मी नोकरीत आस्थापना आणि आवक-जावक अशी दोन्ही टेबलं सांभाळली आहेत. जावकला बसलेल्या माणसाला पत्रातला मजकूर बरोबर आहे का, असं कुणी विचारत नाही. तो नोंद घेतो, क्रमांक टाकतो, पत्र रवाना करतो; खाली सही विभागप्रमुखाची असते. संकेतस्थळाचं काम याच रीतीने चालायला हवं.

म्हणून आधी टिप्पणी, म्हणजे वरिष्ठांच्या मंजुरीसाठीचा लेखी प्रस्ताव, टाका. विषय असा लिहा : ‘नगरपरिषदेच्या संकेतस्थळावरील मजकुराची विभागनिहाय जबाबदारी निश्चित करणेबाबत.’ सोबत एक तक्ता जोडा. आज संकेतस्थळावर जेवढी पानं आहेत तेवढी सगळी त्यात उतरवा आणि प्रत्येकासमोर विभाग, माहिती देणारा कर्मचारी, मंजुरी देणारा अधिकारी आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. तक्ता करता करताच बदलून गेलेल्या मुख्याधिकाऱ्यांचं नाव, मुदत सरलेली निविदा, कुणी न उचलणारा फोन नंबर हे सगळं वर येईल. ज्या पानासमोर कोणत्याच विभागाचं नाव लिहिता येत नाही, ते काढून टाकावं अशी शिफारस त्याच टिप्पणीत करा. मोजकी पण खरी पानं असलेलं संकेतस्थळ मला केव्हाही जास्त पटतं.

टिप्पणी कार्यालय अधीक्षकांमार्फत मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊ द्या आणि मंजुरी मिळाली की कार्यालयीन आदेश काढून घ्या. आदेशात तुमचं कामही नेमकं लिहून घ्या : मंजूर झालेला मजकूर लावणे, त्यावर तारीख टाकणे, मुदत संपलेला मजकूर काढून जुन्या नोंदींत ठेवणे. इतकंच.

साहेब आधार विचारतील. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. मजकूर कोण देणार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार याचं लेखी धोरण असावं आणि ‘वेब इन्फर्मेशन मॅनेजर’ म्हणून एक अधिकारी नेमलेला असावा, असं त्यांत सांगितलेलं आहे. हे पद तुम्ही अंगावर घेऊ नका. ज्याचं विभागप्रमुख ऐकतात अशाच अधिकाऱ्याकडे ते असायला हवं. याखेरीज माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातल्या कलम ४(१)(ख) ची १७ बाबींची माहिती दर वर्षी अद्ययावत करावी लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे सेवा, तिची मुदत, पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा द्यायला नेमलेला) अधिकारी आणि अपिलीय अधिकारी हे सूचना फलकावर लावायचं असतं, संकेतस्थळावरही. २०२५ च्या सुरुवातीला राज्य शासनाने शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला, त्यातही संकेतस्थळ अद्ययावत करणं हे एक कलम होतं. त्या धावपळीत चढवलेली पानं तुमच्याकडेही असतील. तपासणी त्यांच्यापासून सुरू करा.

आता रोजचं काम. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो स्वीकारणं बंद करा. मजकूर कार्यालयाच्या ई-मेलवर, युनिकोडमध्ये (कोणत्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) टंकलेला, विभागप्रमुखाच्या मंजुरीसह आला पाहिजे. सोबत अर्ध्या पानाचा नमुना ठेवा : विषय, कोणत्या पानावर लावायचं, कधीपासून, कधीपर्यंत, सही. ‘कधीपर्यंत’चा रकाना रिकामा असेल तर कागद परत पाठवा. तुमचं गाव पालखी मार्गावर असेल तर हे लगेच पटेल. मुक्कामाच्या जागा, टँकर, वाहनतळ यांचं पान आषाढीच्या बरंच आधी तयार लागतं आणि वारी सरली की उतरायला लागतं. दिवाळीत ते पान तसंच दिसलं, तर बाकीच्या पानांवर तरी माणसाने विश्वास का ठेवावा?

तारखेची चूक पकडायची एक साधी युक्ती सांगते. प्रत्येक तारखेसमोर वार लिहायला लावा. तारीख आणि वार जुळले नाहीत की चूक तिथेच हाताला लागते आणि कागद विभागाकडे परत जातो. रक्कम आणि वेळ मात्र विभागातल्या माणसाला फोनवर वाचून दाखवा. एवढं करूनही चूक गेलीच, तर गुपचूप फाईल बदलू नका. विभागाकडून शुद्धिपत्रक घ्या आणि ते तारखेसह मूळ सूचनेच्या शेजारीच लावा. हरकतींची मुदत वाढवायची की नाही, हे विभाग आणि मुख्याधिकारी ठरवतील.

जलवाहिनी फुटली तर नमुना भरत बसायला वेळ नसतो. तेव्हा पाणीपुरवठा अभियंत्याचा मेसेज पुरे, पण कागद दुसऱ्या दिवशी आलाच पाहिजे. ही सवलतही आदेशातच लिहून घ्या. आचारसंहिता लागली की पदाधिकाऱ्यांची नावं आणि छायाचित्रं कुणाच्या सूचनेवरून उतरवायची, हेही.

एका बाबतीत मात्र विभागप्रमुखाची सही असली तरी तुम्ही थांबायचं. घरकुल किंवा दिव्यांग अनुदानाच्या याद्या येतात, त्यांत कधी कधी आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल असं सगळं असतं. आधार क्रमांक असा जाहीर करायला २०१६ च्या आधार कायद्यातच मनाई आहे. यादी लावायची तर नाव, प्रभाग, अर्ज क्रमांक आणि मंजुरीची स्थिती एवढं बास. आणि ते रकाने काळ्या पट्टीने झाकू नका. पुष्कळदा पट्टीखालचे आकडे फाईलमध्ये तसेच राहतात. ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की ते वाचता येतात. रकाने मुळातून काढा आणि नवी फाईल करा. एखाद्या विधवा बाईच्या खात्याचा नंबर आपल्यामुळे भलत्याच्या हाती जाऊ नये, याची काळजी आपण नाही घ्यायची तर कुणी?

पासवर्ड आणि ओटीपी आज तुमच्या खासगी मोबाइलवर येत असेल, तर तो कार्यालयाच्या नावावर करून घ्या. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि बॅकअपवर ताबा नगरपरिषदेचा आहे की संकेतस्थळ बनवणाऱ्या एजन्सीचा, हे करारनामा काढून बघा. तुमची बदली झाली तर चार्ज देताना यादीत या गोष्टी लिहून द्या.

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापुरात राहते. माझे वडील तालुक्याच्या गावी असतात. त्यांना आता दिसत नाही. मोबाइल त्यांना मजकूर वाचून दाखवतो. पण नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर पाण्याचं वेळापत्रक म्हणजे कागदाचा फोटो आहे, तो मोबाइलला वाचता येत नाही. काही दिवसांआड पाणी येतं, ते चुकलं की पुढच्या पाळीपर्यंत हाल होतात. तक्रार कुणाकडे करू?

उत्तर : मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आवकला पोच घ्या. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नमूद करा. त्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ सक्तीचा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं; तेव्हा भर अधिनियमावरच ठेवा. संकेतस्थळावर ठेवायची कागदपत्रं ईपब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफमध्ये असावीत, म्हणजे यंत्राला अक्षरं वाचता यावीत, असं त्या नियमात होतं. मागणी मात्र त्याहून साधी करा : प्रभाग, वार आणि वेळ असा वेळापत्रकाचा तक्ता पानावरच टंकून द्यावा. पानाचा पत्ता आणि तुम्ही ते ज्या दिवशी पाहिलं ती तारीखही लिहा.

याचा उपयोग तुमच्या वडिलांपुरता नाही. आपल्या जिल्ह्यात घरी कानडी, तेलुगू किंवा उर्दू बोलणारी कितीतरी कुटुंबं आहेत. टंकलेला मजकूर मोबाइल त्यांच्या भाषेत करून देतो, शोधलं तर सापडतो. कागदाच्या फोटोचं बहुतेक वेळा यातलं काहीच होत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका मुलांकडून मोबाइलवर सूचना वाचून घेतात, हे मी नेहमी बघते.

दाद लागली नाही तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोचेची प्रत जोडा. तोवर वडिलांच्या प्रभागात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा नंबर पाणीपुरवठा विभागातून मागून घ्या.