दिवाळीच्या ऑनलाइन खरेदीत गावाकडच्या आई-वडिलांची फसवणूक होऊ नये म्हणून काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात नोकरीला आहात, आई-वडील अहमदपूर तालुक्यातल्या गावी, वडिलांच्या हातात नवा फोन आणि दसऱ्यापासून त्यावर सेलच्या जाहिराती सुरू. फोन काढून घ्यायचा नाही, पण पैसेही जाऊ द्यायचे नाहीत. मी उदगीरला ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला अशा कामांना लोक येतात. पण ऑक्टोबर लागला की रोज कुणी ना कुणी फोन पुढे करून हळूच विचारतं, "ताई, हे पैसे परत येतील का?" आपल्याकडे सोयाबीन मोंढ्यात जातं, आडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होते, खात्यात पैसे पडतात, आणि नेमके हेच दिवस सेलचे.

आधी माझ्या मामीचं सांगते, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्यात आहे.

मामीनं मोबाईलवर पैठणीची जाहिरात पाहिली. दुकान बंद करतोय, माल खाली करायचाय, अस्सल पैठणी फक्त १,१९९ रुपयांत. हातमागावर खरी रेशमी पैठणी विणायला कित्येक आठवडे जातात, ती या पैशात कुणी देणार नाही, हे मामीलाही कळत होतं. पण पुतणीचं लग्न होतं, मन झालं. पैसे भरले. आठ दिवसांनी आली ती पातळ, चकचकीत, पॉलिस्टरची साडी. इथवर नुकसान १,१९९ रुपयांचं.

मामाला कळलं तर तो बोलेल, म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही. एकटीनंच त्या दुकानाचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधला. जो पहिला दिसला तो लावला. समोरचा फार गोड बोलला, रिफंड लगेच देतो म्हणाला, फक्त हे एक ॲप टाका. त्या ॲपमधून तिच्या फोनचा पडदा त्याला तिकडं दिसत होता. अर्ध्या तासात सोयाबीनच्या पट्टीतले ४६,५०० रुपये गेले. तेही तिनं दोन दिवस पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "हेंला सांगू नगं बाई."

माझ्याकडे येणाऱ्यांत मोठी रक्कम गेलेली बरीच माणसं अशीच असतात. साडीत किंवा स्वस्त मिक्सरमध्ये हजार-पाचशे आधी गेलेले असतात, ते गुपचूप परत मिळवायला जातात आणि तिथं खरी लूट होते. फसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर खोटे कस्टमर केअर नंबर त्यांनी जागोजागी पेरून ठेवलेत. तेव्हा वडिलांना साइट ओळखायला शिकवण्याआधी एक गोष्ट करा. आज फोन करून त्यांना सांगा, "बाबा, चूक झाली तर आधी मला फोन करा, मी रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका. आईलाही वेगळं सांगा. आई सहसा वडिलांपासून लपवते.

कस्टमर केअरचा नंबर कधीही गुगलवर शोधायचा नाही. ज्या ॲपवरून खरेदी केली त्याच ॲपच्या आत मदतीचं पान असतं, तिथूनच बोलायचं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. आणि कुणीही फोनवरून ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवून द्यायचा, मग तो बँकेचा असो, कुरिअरचा असो नाही तर पोलिसांचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून येणाऱ्या एपीके फायलींचंही, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणाऱ्या फायलींचंही, तेच. लग्नपत्रिका बघायला ॲप टाकावं लागत नाही.

यूपीआयचं एकच नीट समजावून सांगा: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "रिफंड घ्या, स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हणालं की तो पैसे काढायलाच बसलाय. आपण दुकानाला पैसे देताना कोड स्कॅन केल्यावर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव पडद्यावर येतं. साडीच्या दुकानाऐवजी तिथं भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर तिथंच थांबायचं.

ओटीपीबद्दल "कुणालाच सांगू नका" एवढं म्हणून भागत नाही, कारण काही कंपन्यांचा पोरगा पार्सल हातात देताना खरोखरच ओटीपी मागतो. मग माणूस गोंधळतो. मी लोकांना सांगते की मेसेज उघडून बघा. त्यात रुपयांचा आकडा किंवा बँकेचं नाव असेल तर तो ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. पार्सलचा असेल तर पार्सल हातात आल्यावर, दारात उभं राहूनच द्यायचा. "तुमची ऑर्डर रद्द करायचीय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ती फसवणूकच. पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा, अशी लिंक टपालाच्या किंवा कुरिअरच्या नावानं येते, तीही तसलीच. पाच रुपये भरायच्या नादात कार्डाची सगळी माहिती त्यांच्या हाती जाते.

पार्सल आल्यावर पैसे द्यायचे म्हणजे धोका नाही, असं गावाकडे सगळ्यांना वाटतं. तसं नाही. न मागवलेलं पार्सल दारात येतं, त्यावर मुलाचं नाव असतं, बाप म्हणतो पोरानं मागवलं असेल आणि ४९९ रुपये देऊन टाकतो. आत चिंध्या. म्हणून घरात ठरवून घ्या, ज्याचं नाव आहे त्याला फोन लावल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. महागडी वस्तू असेल तर पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, पुढे भांडायला तो लागतो.

साइट खरी की खोटी हे ओळखायला लोक कुलुपाचं चिन्ह बघतात. त्याचा उपयोग नाही, खोट्या साइटलाही ते कुलूप असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या साइटनं आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती द्यायला हवी. ती नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पैठणीच घ्यायची असेल तर आपल्याच मराठवाड्यात पैठण आहे, आईला एकदा घेऊन जा आणि पदर उलटून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. अस्सल रेशमावर बऱ्याचदा सिल्क मार्कचं लेबल असतं, तेही विचारा.

आता तुम्हीच करायचं एक काम, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. दिवाळीला गावी जाल तेव्हा वडिलांची दोन खाती करा. पट्टीचे, अनुदानाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याला यूपीआय जोडू नका. दुसऱ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवा आणि फोनला तेवढंच जोडा. मामीचं असं असतं तर फार तर दोन-तीन हजार गेले असते.

आणि तरीही पैसे गेलेच तर १९३०. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर. पैसे गेल्या गेल्या लावायचा, कारण ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात आणि मध्येच गोठवले तरच वाचतात. लागला नाही तर लावत राहायचं. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि बँकेतही लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेची किंवा आपली चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. दुकानदार खरा आहे, फक्त वस्तू चुकीची दिली आणि पैसे देईना, तर ते काम १९३० चं नाही. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मामीनं दोन दिवस घालवले होते. तोवर बरेच पैसे पुढे गेले. ४६,५०० पैकी ११,००० गोठवले गेले, आणि तेवढे हातात यायला कोर्टाच्या आदेशाची वाट बघावी लागली. मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मला अगुदर का नाही सांगितलंस?"

यंदा नवरात्रात दुपारी मामीचा फोन आला. पार्सल घेऊन पोरगा दारात उभा होता, पार्सलवर मामाचं नाव आणि मामा शेतात, फोन उचलेना. मामीनं पोराला पाणी दिलं, ओट्यावर बसवलं आणि मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, मामाचा फोन लागेपर्यंत पैसे देऊ नकोस. वीस मिनिटांनी लागला. मामानंच मागवलेली फवारणीच्या पंपाची बॅटरी होती ती.